संगणक कोसळला म्हणजे ठेवा बुडाला असे नव्हे

एजवेअर हे लंडनच्या उत्तरेकडील एक उपनगर, नॉर्दर्न लाइनचे शेवटचे स्टेशन. भुयारी रेल्वे तेथे १९२४ साली पोहोचली. आपल्या बेटावरून जाणाऱ्या माणसांना हे नाव हमखास फसवते, कारण मध्य लंडनमध्ये एजवेअर रोड नावाची निराळी स्टेशने आहेत आणि तेथून खरे एजवेअर बरेच मैल दूर आहे. पहिल्या खेपेस आम्हीही तेथेच उतरलो होतो. असो.

आमची थोरली बहीण एजवेअरला राहते. मागे हिवाळ्याच्या सुट्टीत (तिकडे तेव्हा उन्हाळा असतो) आम्ही गेलो, तेव्हा ताईच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. विचारता कळले की जुना संगणक बंद पडला आहे. त्यात काय एवढे, असे आम्ही म्हणणार होतो. पण त्या संगणकात आमच्या आजोबांच्या आवाजातील झाकरीची गाणी होती. भावजींनी ती कॅसेटवरून उतरवून ठेवली होती, आणि इकडे घरी राहिलेल्या मूळ कॅसेट दमट हवेने बुरशी लागून केव्हाच वाया गेल्या होत्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मिळवलेली पणजोबांच्या आगमनाची नोंदही त्यातच होती. ती नोंद पुन्हा मागता येईल. आजोबांचा आवाज कोठून मागणार?

जवळच्या एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निदान केले: डिस्क गेली, सर्व पुसून विंडोज नव्याने घालू. ताई कबूल व्हायच्या बेतात होती. भाच्याने हात धरला. तो म्हणाला, "आई, पडद्यावर काय लिहिले आहे ते कोणी वाचले का?"

निळ्या पडद्यावर लिहिले होते: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तिच्यापर्यंत विंडोजला पोहोचता येत नाही. डिस्क मेली, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. वर्गात समजावून सांगावे तसे सांगतो. शाळेच्या कपाटात दप्तरे आहेत आणि मुख्याध्यापकांना एक दप्तर हवे आहे. ते स्वतः कपाट उघडत नाहीत, कारकुनाला सांगतात. संगणकात हे कारकुनाचे काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम करतो. सकाळी कारकूनच आला नाही, किंवा कुलूप बदलले आणि त्याच्याकडे जुनीच किल्ली राहिली, तर दप्तरे जागच्या जागी असूनही शाळा सुरू होत नाही. शिवाय हा कारकून सामान्य नव्हे. तो प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसतो. तेथे चूक झाली तर भलतेच काही लिहिले जाऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून सर्व काम थांबवते. निळा पडदा तो हाच.

भाच्याने प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. त्यातून डिस्क दिसली, फाइलीही दिसल्या. अर्धे भांडण तेथेच मिटले. त्याने आधी सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि मगच दुरुस्तीला हात घातला. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. डिस्क खरोखर आजारी असेल, कट् कट् आवाज करीत असेल, तर नक्कल घेण्यापूर्वी चालवलेली तपासणी-दुरुस्तीच तिचा शेवट करू शकते.

मग त्याची नजर यंत्राच्या सेटअपमधील तारखेवर गेली. ती कित्येक वर्षे मागची होती. संगणक दोन वर्षे कपाटात पडून होता, त्यामुळे आतील नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती संपली की घड्याळ मागे जाते आणि सेटअपमधील निवडीही कारखान्यातून आल्या तशा होतात. डिस्कशी बोलण्याची रीत विंडोज घालताना रेड ठेवली होती, ती आता एएचसीआय झाली होती. जुन्या रीतीचा ड्रायव्हर नव्या रीतीच्या दाराशी उभा, आणि नव्या रीतीच्या ड्रायव्हरला कोणी उठवलेच नव्हते. बॅटरी बदलली, निवड पूर्ववत केली, संगणक सुरू झाला. नवी रीतच ठेवायची असती तर विंडोजला आधी सेफ मोडमध्ये उठायला सांगावे लागले असते, म्हणजे योग्य ड्रायव्हर जागा होतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असते तर त्याची किल्लीही लागली असती. ती किल्ली कोठे लिहून ठेवली आहे, हे पुष्कळ घरांत कोणालाच ठाऊक नसते.

अशी गाठ मोठमोठ्या संस्थांनाही पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे तिचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुमारे ८५ लाख यंत्रे निळी झाली. इंग्लंडमध्ये बहुसंख्य जीपी डॉक्टरांच्या दवाखान्यांचे काम अडले, कारण रोग्यांच्या नोंदी उघडेनात. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेली यंत्रे आपोआप उठेनात. पुष्कळ ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते सुरू करून, ती एक फाइल काढावी लागली. नोंदी कोठेही गेल्या नव्हत्या. त्या दिवशी कोणी घाबरून सर्व डिस्का पुसत बसले असते तर?

आम्ही शिक्षक मुलांना संगणक वापरायला शिकवतो, पण तो बिघडल्यावर काय म्हणतो ते वाचायला शिकवत नाही. संदेश आला की खिडकी बंद करायची, पुन्हा आला की दुकान गाठायचे. दुकानदाराला तरी दोष किती द्यावा? पुसून नव्याने घालणे त्याला तासाभराचे काम, आणि आजोबा त्याचे नव्हेत. विचारायचे आपण: डिस्क दुसऱ्या यंत्रावर दिसते का? संदेशातील शब्द कोणते? काल काय बदलले?

आपल्या मंडळींकडे जुन्या इतिवृत्तांचे, नाटकांचे, गणपतीतील गाण्यांचे ध्वनिमुद्रण एखाद्याच संगणकात पडून असेल, आणि तो संगणकही बहुधा एखाद्या माजी चिटणिसाच्या घरी. यंदा गणेश चतुर्थीपूर्वी ते सुरू करून पाहावे, दोन नकला काढाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. बेटावर वादळे येतात, हे कोणाला सांगायला नको.

ताईने गाण्यांची एक नक्कल आमच्याबरोबर पाठवली. ती आता वाक्वा येथे आहे. तिसऱ्या गाण्यात मध्येच आजी कोणालातरी चहा घ्यायला बोलावते, तेही त्यात आले आहे.