नाळेतलं रक्त कुणासाठी जपायचं?

तुमसर, साकोली, पवनी या पट्ट्यात सिकलसेल हा ऐकीव आजार नाही. हातपाय ठणकून रात्रभर कण्हणारं मूल अनेकांनी जवळून पाहिलेलं असतं. अशा ठिकाणी ‘बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा’ ही जाहिरात मोबाइलवर आली की आईबापाचा जीव गुंततो. म्हणून हा अंक.

या रक्तातल्या मूळ पेशींचं मोल खरंच मोठं. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमियाच्या एका मुलाला नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन पहिलं प्रत्यारोपण झालं. मात्र सिकलसेलच्या बाळाला स्वतःचं साठवलेलं रक्त कामाचं नाही. जनुकातला दोष त्यातही असतोच. उपयोग होतो तो जुळणाऱ्या भावंडाच्या रक्ताचा, आणि एखादं सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ‘पुढे स्वतःला लागेल’ म्हणून साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आयसीएमआरचंही म्हणणं आहे.

घरात आधीच आजारी भावंड असेल, तर गोष्ट वेगळी. त्या कुटुंबांना आम्ही अंकात सर्वाधिक जागा दिली आहे. इतरांनी पैसे भरण्याआधी पती-पत्नी दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तुमचे अनुभव आणि शंका आम्हाला जरूर लिहून पाठवा.