ढोलाची चौकी आणि आमचा फॅमिली ग्रुप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त होतं, आणि खरं सांगायचं तर आळसही होता. पण गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जे झालं, त्यानंतर स्वस्थ बसवेना.

झालं असं की एका पुतण्याने १९६२ च्या युद्धावरचा एक फॉरवर्ड टाकला. बर्फात उभा असलेला जवान, मागे तिरंगा, आणि खाली मजकूर असा की ढोला चौकीचे वीर शेवटच्या गोळीपर्यंत लढले आणि नेहरूंनी त्यांना मरायला सोडलं. त्याखाली वीस-पंचवीस जणांचे जोडलेले हात. मी एवढंच विचारलं, "बाबा रे, ती चौकी तिथे बसवली कोणी, आणि का?" दोन मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं, "मामा, सैनिकांच्या बलिदानावर प्रश्न नकोत, प्लीज." पाठोपाठ एका सुनेने मोगऱ्याच्या फुलांचा फोटो टाकला आणि विषय संपला.

तर भाचेबुवा, तिथे संपला असेल, इथे संपलेला नाही. हा ब्लॉग माझा आहे आणि इथे फुलांचे फोटो चालत नाहीत.

आधी जागा समजून घ्या. भूतान, तिबेट आणि आपला तवांगचा मुलूख जिथे एकमेकांना भिडतात, त्या कोपऱ्यात नामका चू नावाची एक लहानशी नदी आहे. नदी कसली, मोठा ओढाच, पण खोल घळीतून वाहणारा. तिच्या उत्तरेला थागला नावाची उंच डोंगररांग. जून १९६२ मध्ये आपण तिथे आसाम रायफल्सची एक प्लाटून, म्हणजे तीसेक माणसं, नेऊन बसवली. सीमेलगत चौक्या उभारायची जी मोठी मोहीम तेव्हा चालू होती, तिचं नाव ऑपरेशन ओंकार. त्यातलीच ही एक. ढोला हे नाव दक्षिणेकडच्या एका खिंडीचं, चौकी मात्र खाली नदीजवळ. म्हणजे नाव डोंगरावरचं आणि माणसं खड्ड्यात. समोरच्या कड्यावर जो बसेल त्याने खाली नुसतं पाहिलं तरी आपल्या लोकांची चूल दिसावी, अशी जागा.

आता दुसरी गोष्ट, जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. मॅकमहोन रेषा १९१४ साली सिमल्याला काढली गेली, ती आठ मैलाला एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर. मी भूगोलही शिकवलेला माणूस आहे, म्हणून हिशोब मांडतो. आपल्याकडचा सुतार ज्याला एक सूत म्हणतो तो इंचाचा आठवा भाग. म्हणजे या नकाशावर बोरू एक सूत सरकला की जमिनीवर सीमा एक मैल सरकली! त्यात तो मुलूख तेव्हा नीट मोजलेलाही नव्हता. नकाशावरची रेषा सरळ वाचली तर ढोलाची चौकी तिच्या उत्तरेला पडत होती. आपलं म्हणणं असं की रेषा काढणाऱ्याचा हेतू पाणलोटाचा होता, मुख्य डोंगररांग हीच सीमा, म्हणून थागलापर्यंत मुलूख आपला. हे म्हणणं पोरकट नाही, त्यात दम आहे. चीन साळसूद होता असंही मी म्हणत नाही. २० ऑक्टोबरला त्याने इथे आणि तिकडे लडाखमध्ये एकाच दिवशी हल्ला केला, ती तयारी काही आदल्या रात्रीची नव्हती.

पण दावा असणं निराळं आणि दाव्याच्या जोरावर तीस माणसं खड्ड्यात नेऊन बसवणं निराळं. आपल्याकडे बांधाचा वाद झाला तर अडाणी शेतकरीसुद्धा आधी सात-बारा काढतो, मोजणी आणतो, चार माणसं बोलावतो. हातात काठी देऊन धाकट्या पोराला एकट्याला रात्री बांधावर बसवत नाही.

आणि हे सगळं आज मला, निवृत्त मास्तराला, घरबसल्या सुचलंय असं समजू नका. माझं भांडण नेमकं इथेच आहे. ढोलाबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारणारे सगळे गणवेशातले होते. चौकी बसवणाऱ्या तुकडीच्या कॅप्टनपासून शंका सुरू झाली. ती चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख निरंजन प्रसाद यांनी वर विचारली, की ही जागा नेमकी कुणाची? थागला आपला असेल तर आधी तो कडाच ताब्यात घ्यायला हवा ना? वरून उत्तर येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थागला उतरून चौकीसमोर हजर झाले. सहाशे चिनी आल्याचा निरोप गेला आणि मग दिल्लीला एकदम जाग आली. दुसऱ्याच दिवशी ठरलं, त्यांना हुसकावून लावायचं. कशाने लावायचं, हे मागाहून बघू.

त्या भागाचं सैन्य ज्यांच्या हाताखाली होतं ते उमराव सिंग म्हणाले, हे जमणार नाही. तिथवर रस्ता नाही, रसद नाही, तोफा नाहीत. अमुक इतका साठा पोचला तरच पुढे जाता येईल, असा हिशोबच त्यांनी मांडला. त्यावर सरकारने काय करावं? साठा पाठवला नाही, उमराव सिंगांकडून ती जबाबदारी काढून घेतली! ऑक्टोबरच्या सुरुवातीला चौथी कोअर नावाने नवी रचना झाली आणि तिच्यावर बी. एम. कौल यांना बसवलं. लष्करप्रमुख थापर यांनाही धास्ती होतीच. इथे हात घातला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल, हे त्यांनी सांगितलं आणि २२ सप्टेंबरला लेखी आदेश मागितला. तो मिळालाही. सही एका सहसचिवाची. (शिक्षण खात्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. अवघड कागदावर साहेबाची सही कधी नसते.)

मग राहिली ती पलटणीतली माणसं. सातवी ब्रिगेड पायी चालवत तिथे नेली. राजपूत, पंजाब, गोरखा, ग्रेनेडियर. अंगावर सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, एकेक ब्लँकेट आणि दर माणशी पन्नास गोळ्या. भाच्याने पाठवलेल्या त्या 'शेवटच्या गोळी'चा हिशोब हा असा पन्नासपासून सुरू होतो. विमानातून सामान टाकलं जायचं त्यातलं कितीतरी घळीत जायचं.

१० ऑक्टोबरला त्सेंग जोंग इथे नदीपलीकडे गेलेल्या पंजाब पलटणीच्या लहान तुकडीवर चिन्यांची मोठी फौज चालून आली. ती तुकडी विलक्षण लढली. आपल्या तिथे पडलेल्या जवानांना चिन्यांनी लष्करी मानवंदना देऊन पुरलं, आणि ते आपल्या लोकांनी अलीकडच्या काठावरून पाहिलं. हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

कौल त्या दिवशी तिथेच होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि सांगायला दिल्लीला गेले. दिल्लीत काय ठरलं? हल्ला तूर्त नको, पण नदीवरून हलायचंही नाही. पुढे नाही, मागे नाही, खड्ड्यातच बसा. १२ ऑक्टोबरला सिलोनला निघताना पंडितजींनी पत्रकारांना सांगून टाकलं की आपला मुलूख मोकळा करायचा आदेश सैन्याला दिला आहे. पुढच्या आठवड्यात कौल आजारी पडून दिल्लीला परतले. २० ऑक्टोबरच्या पहाटे तोफा सुरू झाल्या. चिनी रात्रीतच नदी ओलांडून आले होते. एकट्या दुसऱ्या राजपूत पलटणीच्या पाचशेच्या आसपास माणसांपैकी २८२ मेले. ब्रिगेडियर २२ तारखेला पकडले गेले.

त्या ब्रिगेडियरचं नाव जॉन परशुराम दळवी. आडनाव बघा आणि सांगा, आपल्या किती घरांत हे नाव माहीत आहे? चीनच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १९६९ साली 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊन मला ते वाचायला दोन महिने लागले. त्यात रडगाणं नाही, चीड आहे. ज्याच्या हाताखालची माणसं मेली, त्याची चीड.

आपल्याला मात्र माहीत आहे ते एकच वाक्य, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. मीही त्या वाक्यावर वाढलो. तेव्हा सहावीत होतो. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती गर्दी असायची. शाळेत संरक्षण निधीचा डबा फिरला, त्यात मी खाऊचे दहा पैसे टाकले आणि आईने कानातल्या कुड्या दिल्या. (त्या कुड्यांवरून आजी आईशी पुढे कित्येक दिवस बोलत नव्हती, तो विषय वेगळा.) यशवंतराव दिल्लीला गेले तेव्हा आम्ही प्रभातफेरी काढली होती. अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. पण सह्याद्री पोचला तेव्हा युद्धबंदी जाहीर झाली होती, हे कोणी सांगत नाही. आणि यशवंतराव संरक्षणमंत्री असतानाच हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी चौकशी करून अहवाल दिला. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत त्याचं सार सांगितलं, अहवाल मात्र बंदच ठेवला. लष्कराचं मनोधैर्य खचेल, असं कारण होतं. त्या वर्षी ते पटण्यासारखंही होतं.

पण त्याला आता साठ वर्षं उलटून गेली! कुलदीप नय्यर यांनी माहिती अधिकारात तो मागितला, २०१० मध्ये नकार मिळाला. अँटनी संरक्षणमंत्री असताना म्हणाले, यातला मजकूर आजही नाजूक आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. तेव्हा विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी आपल्या ब्लॉगवर लिहिलं की अशी कागदपत्रं कायम दडवून ठेवणं बरोबर नाही. जुलैमध्ये तेच जेटली संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेला सांगत होते की अहवाल उघड करता येणार नाही. म्हणजे जग जे संगणकावर वाचतंय, ते भारत सरकारच्या लेखी गुपित. कुठल्याही पक्षाचं सरकार येवो, कपाटाला कुलूप तेच.

सगळा दोष नेहरूंच्या माथी मारला की किती सोपं होतं पाहा. नेहरूंचा वाटा मोठा होता, तो मी झाकत नाही. पण मग चौकीची जागा निवडणारे सुटले, अवघड प्रश्नाला उत्तर न देणारे सुटले, नाही म्हणणाऱ्याला हलवून हो म्हणणाऱ्याला आणणारे सुटले. आणि कौल हेही गणवेशातलेच होते, तेही फॉरवर्डमध्ये बसत नाही. लताबाईंचं ते गाणं लागलं की आपण डोळे पुसतो. मीही पुसतो. पण पाणी कुणामुळे आलं हे विचारायचं नाही, हा कुठला नियम?

आता माझं सांगतो. मी वर्षानुवर्षं नववी-दहावीला इतिहास शिकवला. १९६२ ला माझ्याकडून मिळायची चार वाक्यं. चीनने विश्वासघात केला, आपले जवान शौर्याने लढले, हवामान प्रतिकूल होतं, साधनं अपुरी होती. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, बूट नव्हते तर त्यांना वर कशाला पाठवलं?" वर्ग हसला. आणि मी, मूर्खासारखा, म्हणालो, "शहाणपणा करू नकोस, खाली बस. परीक्षेत हे येत नाही." त्याचे वडील गवंडीकाम करायचे, तो स्वतः कॅनव्हासच्या बुटांत शाळेत यायचा. दोन बूट दोन वेगळ्या जोडांचे. उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं, ही माझी सबब खरी आहे. पण उमराव सिंगांना ज्यांनी गप्प केलं, त्यांच्याही सबबी खऱ्याच असतील.

म्हणून भाच्याचं ते 'प्रश्न नकोत, प्लीज' मला झोंबलं. ते माझंच वाक्य होतं, फक्त मी प्लीज म्हणालो नव्हतो.

असो. ग्रुपवर अजून शांतता आहे. मी दळवींच्या पुस्तकाची माझी प्रत काल कुरिअरने भाच्याकडे पाठवली आहे. समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ लिहिलेत, त्यांना हसू नये. आणि वाचून झाली की परत कर रे बाबा, याआधीची दोन पुस्तकं अजून तुझ्याकडेच आहेत.