चित्रशाळा सहकारी का हवी?

भूपेन खख्खर १९३४ साली मुंबईत जन्मले. १९८१ सालच्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रापासून त्यांनी समलिंगी पुरुषाचे जगणे आडपडदा न ठेवता रंगविले. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले जाते; त्या धैर्यामागच्या अर्थकारणाविषयी फारसे नाही. खख्खर पेशाने हिशेबनीस होते. बडोद्यात एका कारखान्याचे जमाखर्च लिहून ते पोट भरीत. चित्र विकले गेले नाही तरी चूल पेटेल, ही तरतूद त्या खतावणीत होती. परंतु जिला किशोरवयातच घराबाहेर काढले गेले, जिची शाळा सुटली, त्या तृतीयपंथी चित्रकर्तीने कोणाची खतावणी लिहावी?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि २०१८ साली प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. हे निकाल मोलाचे आहेत. पण निकालाची प्रत दाखवून भाड्याची खोली मिळत नाही. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, तेव्हा त्यांतील काही जणींनी थोड्याच दिवसांत काम सोडले. कारण कामाचे नव्हते. शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. नोकरदाराची ही गत, तर रंग, कॅनव्हास आणि ओली चित्रे घेऊन दारी येणाऱ्या कलावंताला घरमालक काय सांगणार?

बंगळुरूचा ‘अरावनी आर्ट प्रोजेक्ट’ २०१६ पासून तृतीयपंथी स्त्रियांबरोबर शहरोशहरीच्या भिंती रंगवीत आला आहे. २०२४ साली त्यांचे भित्तिचित्र व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात झळकले. ज्या रस्त्यावर या स्त्रियांची हेटाळणी होते, तेथेच त्या शिडीवर उभ्या राहून काम करतात, ही लहान गोष्ट नव्हे. तरीही भिंत दुसऱ्याची असते. रंग वाळला की मजुरी मिळते आणि पुढच्या भिंतीची वाट पाहावी लागते. कामाची जागा व साधने कलावंतांच्या सामाईक मालकीची झाल्याखेरीज हे चक्र तुटणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. १९६६ साली के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासजवळ चोलमंडल वसविले. देणगीदार शोधीत न बसता त्यांनी बाटिक व इतर हस्तकलेच्या वस्तू एकत्र बनवून विकल्या आणि त्या पैशांतून जमीन घेतली. दिवसाचे काही तास पोटासाठी, उरलेले चित्रासाठी. कारागिरीने कलावंत बाटतो, असे म्हणणाऱ्यांना चोलमंडल हे रोकडे उत्तर होते. अर्थात ही मंडळी बहुतेक कला महाविद्यालयातून शिकून आलेली होती. ज्यांना त्या दारातच अडविले जाते, त्यांना संस्थेने शिकवावेही लागेल.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार नोंदणीसाठी सामान्यतः निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. कुटुंबाने टाकलेल्या दहा जणांना ही अट जड जाऊ नये. जड जाईल ती पत्त्याच्या पुराव्याची. भागाची किंमत अल्प ठेवावी, रंग व कागद घाऊक आणावेत, छपाईचे यंत्र सामाईक असावे आणि विक्रीचा ठरलेला अंश राखीव निधीत जावा. चित्र विकले न गेलेल्या महिन्यात सभासदाला उचल मिळेल ती याच निधीतून.

सहकाराच्या नावाने या राज्यात काय काय झाले, हे वाचकांना सांगायला नको. एका सभासदाला एक मत असूनही कारखाने एकेका घराण्याचे झाले. येथे धोका वेगळ्या वाटेने येईल: सहानुभूती बाळगणारे सुशिक्षित लोक अर्ज लिहितील, बँकेत जातील आणि पाहता पाहता तेच चालक होतील. ‘हे नागर मध्यमवर्गाचे चोचले आहेत’ असे म्हणणारी मंडळी चळवळीतही आहेत. त्यांनी सिग्नलवर टाळी वाजविणाऱ्या हातांकडे एकदा नीट पाहावे. मध्यमवर्ग तिथे मोटारीत बसलेला असतो.

नगरपालिकांच्या मंडयांत रिकामे पडलेले गाळे अशा संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी लावून धरावी. मात्र भाडेपट्टा संस्थेच्याच नावे व्हावा, मध्यस्थ न्यासाच्या नव्हे. आणि व्यवस्थापक समितीत बहुमत तृतीयपंथी व समलिंगी कलावंतांचे राहील, हे पोटनियमांत पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.