अपडेट आले, पण ब्राउझर बंदच केला नाही तर?

नाशिक : उत्पन्नाचा दाखला, सातबारा, महाडीबीटीचा अर्ज... सेवा केंद्रात ही कामे दिवसभर एकाच संगणकावर चालतात. कामाच्या गर्दीत ब्राउझर अनेकदा दिवसेंदिवस बंद होत नाही. धोका नेमका तिथेच आहे.

सँडबॉक्स म्हणजे काय?
क्रोम प्रत्येक संकेतस्थळाचा कोड बंदिस्त कप्प्यात चालवतो. बँकेत ग्राहक काउंटरबाहेर थांबतो, हवे ते खिडकीतून मागतो आणि आतला कर्मचारी तपासून देतो, तसेच हे. ‘सँडबॉक्स एस्केप’ म्हणजे ग्राहकाने थेट काउंटरच्या आत शिरणे. मग संगणकातील फाइल्सही सुरक्षित राहत नाहीत.

नेमके काय घडले होते?
मार्च २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी विंडोजवरील क्रोममधील अशी त्रुटी (सीव्हीई-२०२५-२७८३) उघड केली. रशियातील माध्यमे, शिक्षण संस्था आणि सरकारी कार्यालयांतील लोकांना परिषदेच्या निमंत्रणाचे ई-मेल आले होते. लिंकवर एक क्लिक पुरेसा होता. गुगलने २५ मार्चला दुरुस्ती दिली. त्याच धर्तीची चूक फायरफॉक्समध्येही आढळली आणि मोझिलाने दोनच दिवसांत ती सुधारली.

मग अडचण कुठे?
अपडेट आपोआप डाउनलोड होते. मात्र ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागू होत नाही. इन्कॉग्निटो विंडोचा इथे उपयोग नाही. विंडोज ७ आणि ८.१ साठी तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. २०२३ पासून पुढच्या आवृत्त्या तिथे मिळतच नाहीत.

जबाबदारी कोणाची?
‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा सल्ला योग्यच, पण अपुरा आहे. केंद्रात आधार कार्ड आणि पासबुकची प्रत देणाऱ्या शेतकऱ्याला तिथला ब्राउझर कोणत्या आवृत्तीचा आहे, हे कसे कळणार? त्यामुळे जबाबदारी संगणक चालवणाऱ्याची आणि त्याला परवानगी देणाऱ्या यंत्रणेची आहे. केंद्राच्या तपासणीत दरपत्रक पाहतात, तशी ब्राउझरची आवृत्तीही पाहावी. जुने संगणक नागरिकांच्या कागदपत्रांच्या कामातून बाजूला काढावेत.

आज काय करता येईल?
क्रोमच्या मेनूतील ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट गुगल क्रोम’ उघडा, ‘रीलाँच’ दिसल्यास दाबा. काम संपल्यावर डाउनलोड फोल्डरमधील नागरिकांची कागदपत्रे काढून टाका. दोन्ही कामांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत. एवढा वेळ प्रत्येक केंद्राला रोज देता येतो.