१२७ क्युबिटच्या क्वांटम कॉम्प्युटरला लॅपटॉपनं कसं गाठलं?

सांगलीच्या विश्रामबागमध्ये वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या विद्यार्थिनीकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, असं समजा. क्वांटम संशोधनातला सध्याचा सगळ्यात रंगलेला वाद साधारण तेवढ्याच ताकदीच्या यंत्रांमुळे पेटलाय.

जून २०२३ मध्ये आयबीएमनं 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १२७ क्युबिटच्या 'ईगल' चिपवर त्यांनी चुंबकाचं एक मॉडेल चालवलं. एकमेकांवर परिणाम करणारे असंख्य सूक्ष्म कण धक्का बसल्यावर काळानुसार कसे बदलत जातात, हे त्यातून पाहायचं होतं. साध्या कॉम्प्युटरला हे झेपणार नाही, असा प्रयोगाचा सूर होता.

पण काही आठवड्यांच्या आतच न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमधल्या आणि कॅलटेकच्या संशोधकांनी तेच गणित साध्या कॉम्प्युटरवर सोडवून दाखवलं. कॅलटेकच्या गटाला तर लॅपटॉपचा एकच कोअर पुरला, तोही क्वांटम चिपपेक्षा कितीतरी कमी वेळात.

मग अवघड काय होतं?

अवघड आहेच. ३० क्युबिटची पूर्ण अवस्था लिहायची तर सुमारे १०७ कोटी आकडे साठवावे लागतात. त्यासाठी साधारण १७ जीबी मेमरी लागते. पुढच्या प्रत्येक क्युबिटला ती दुप्पट होते. ५० क्युबिटपर्यंत गेलात की १ कोटी ८० लाख जीबी! म्हणजे सांगलीतल्या त्या लॅपटॉपचा दम २९ क्युबिटलाच संपतो. १२७ चा प्रश्नच नाही.

गंमत अशी की या संशोधकांनी सगळे आकडे साठवलेच नाहीत.

एखाद्या गल्लीची कल्पना करा. सुरुवातीला प्रत्येक घराचा संबंध फक्त शेजारच्या घराशी आहे. मग गल्लीचा हिशेब ठेवायला प्रत्येक घरामागे एक छोटी चिठ्ठी पुरते. दिवस जातील तशा बातम्या पसरतात, सगळ्यांचे सगळ्यांशी धागे जुळतात आणि चिठ्ठीची वही होते. कणांमधल्या या धाग्यांना 'एन्टँगलमेंट' म्हणतात. चिठ्ठ्यांची जी पद्धत फ्लॅटआयर्ननं वापरली, ती 'टेन्सर नेटवर्क'. धागे कमी आहेत तोवर ती चालते. वेळ वाढला, गुंता वाढला की तीही हात टेकते. म्हणून निव्वळ क्युबिटच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. १२७ हा आकडा बातमीच्या मथळ्यात मोठा दिसतो, एवढंच.

असं पहिल्यांदाच घडलं का?

नाही. २०१९ मध्ये गूगलनं म्हटलं होतं की त्यांच्या चिपनं २०० सेकंदांत केलेल्या कामाला सुपरकॉम्प्युटरला १० हजार वर्षं लागतील. आयबीएमनंच तेव्हा अडीच दिवसांचा हिशेब मांडला होता. मार्च २०२५ मध्ये डी-वेव्ह कंपनीनं 'सायन्स'मधून पुन्हा असाच दावा केला. या वेळी आकडा होता जवळपास १० लाख वर्षांचा. फ्लॅटआयर्नच्या संशोधकांनी त्यातल्या काही रचनांची उत्तरं टेन्सर नेटवर्कनं काढली. आमच्या प्रयोगातले सगळे आकार आणि रचना त्यात आल्या नाहीत, असं डी-वेव्हचं म्हणणं आहे. ते चूकही नाही.

या भांडणाचा फायदा दोन्ही बाजूंना होतो. चिपचं उत्तर बरोबर आहे की नाही, हे तपासायला दुसरा मार्गच नसेल, तर त्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?

भारताचा यात काय संबंध?

पैशाचा, आधी. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे कॉम्प्युटर बनवायचं उद्दिष्ट आहे. म्हणजे आपल्याकडेही असे दावे होणार आणि ते कुणालातरी तपासावे लागणार.

त्याची थोडी तयारी आहे. 'परम' सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकनं आयआयटी रुरकी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीसोबत 'क्यूसिम' हा सिम्युलेटर तयार केला. तो २०२१ मध्ये सुरू झाला. क्वांटम यंत्राविना क्वांटम प्रोग्राम चालवून बघायची सोय त्यात आहे. पण सिम्युलेटर वापरणं वेगळं आणि चिठ्ठीची नवी युक्ती शोधणं वेगळं. दुसऱ्या कामाला महागडी चिप लागत नाही, पण रेषीय बीजगणित पक्कं असलेली माणसं लागतात. मिशनच्या बातम्यांत क्युबिटचा आकडा ठळक असतो, या माणसांचा क्वचितच.

फ्लॅटआयर्नमध्ये विकसित होणारं 'आयटेन्सर' हे सॉफ्टवेअर मात्र मोफत आहे, आणि विश्रामबागमधल्या त्या १६ जीबीच्या लॅपटॉपवरही ते चालतं.