सारसाचें बिऱ्हाड

मागील अंकांत आम्हीं अंगणांतील चिमण्या, साळुंक्या व बुलबुल यांच्याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर कित्येक घरांतून पृच्छा आली कीं, मुलाबाळांसह घराबाहेर पडून पांखरें पाहावयाचीं झाल्यास कोठें जावें? या प्रश्नास एकच एक उत्तर नाहीं. परंतु आम्ही स्वतः गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आणि पुन्हां श्रावणांत ज्या मुलखांत हिंडून आलों त्याची हकीकत सांगितल्यास वाचकांच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतच येईल, आणि तेथें आमच्या हातून घडलेली एक चूकही कबूल करून टाकतां येईल.

तो मुलूख म्हणजे महाराष्ट्राच्या ईशान्य टोंकाचा गोंदिया जिल्हा. १९९९ सालीं महाराष्ट्रदिनीं तो भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. या भागास झाडीपट्टी म्हणतात, आणि तें नांव सार्थ आहे. परंतु झाडीइतकेंच येथें तळ्यांचें वैभव आहे. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून पावसाचें पाणी अडविलें, त्या तलावांवर अजूनही धानाची शेती होते. (तेथें शेतांत उभें असतें तें 'धान', 'भात' हा शब्द शिजून पानांत पडल्यावरच. आमच्या बोलण्यांत ही चूक दोनदां झाली आणि दोन्ही वेळां यजमानांनीं हंसून ती सुधारली.) नवेगांवबांधचा तलाव यांत सर्वांत प्रसिद्ध. कै. मारुति चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून तेथें राहिले, आणि 'नवेगांवबांधचे दिवस' या त्यांच्या पुस्तकामुळें तें नांव मराठी घरोघर पोहोंचलें. २०२५ च्या जूनमध्यें ते निवर्तले.

आमच्यासमवेत आमचा कॉलेजांत शिकणारा पुतण्या, सूनबाई आणि बारा वर्षांची नात अशी मंडळी होती. सामान म्हणाल तर एक दुर्बीण, एक वही, आणि डॉ. सलीम अलींचें पक्ष्यांवरील पुस्तक. हें पुस्तक प्रथम १९४१ सालीं निघालें. आमची प्रत पुष्कळ नंतरची असली तरी हाताळून हाताळून पहिल्या आवृत्तीची वाटावी अशी झाली आहे.

एक गोष्ट आधींच सांगून ठेवितों. नवेगांव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि त्याच्या गाभ्यांत पायीं हिंडण्यास मुभा नाहीं. तेथें गाडींत बसूनच जावें लागतें, आणि गाडींतल्या मंडळींचें सारें लक्ष वाघाकडे. पांखरें पाहावयाचीं तर गांवालगतचें साधें रान बरें. गांवचा एक माहीतगार इसम वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन आम्ही पहांटे पांचाच्या सुमारास निघालों. तेंदूच्या पानांचा हंगाम नुकताच सरला होता. सागाला पानें फुटावयाचीं होतीं, त्यामुळें झाडावर बसलेलें पांखरूं लपत नव्हतें. ज्यांना हिरव्यागार रानाची हौस आहे त्यांस हें रान ज्येष्ठांत उदास वाटेल. परंतु नवशिक्यास पानांविणें झाडासारखा दुसरा गुरु नाहीं.

प्रथम कानीं आली ती दोन सुरांची स्वच्छ शीळ. वाटाड्यानें बोट ओठांवर ठेविलें. वाळल्या पाचोळ्यांत टुणटुण उड्या मारीत, पानें उलथून किडे वेंचीत नवरंग आला होता. पावसाच्या तोंडावर या रानांत येऊन संसार मांडणारा हा पक्षी आखूड शेपटीचा. पाठ हिरवी, पोट पिंवळट आणि शेपटीखालीं कुंकू सांडल्यासारखा लाल. नातीनें वहींत सहा रंग मोजून लिहिले व "तीन राहिले" म्हणून तक्रार केली. इतक्यांत आमच्या पुतण्यानें खिशांतला मोबाइल काढून त्यावर नवरंगाची ध्वनिमुद्रित शीळ वाजविली. पक्षी ताडकन्‌ उडून जवळच्या फांदीवर आला आणि बावरून इकडे तिकडे पाहूं लागला. पुतण्यास मोठा आनंद झाला. आम्हांस झाला नाहीं. आपल्या हद्दींत दुसरा नर शिरला अशा समजुतीनें तो बिचारा चारा सोडून भांडावयास आला होता. ज्या वेळीं त्याला जागा धरावयाची, घरटें बांधावयाचें, त्या वेळीं त्याचा सकाळचा तास खोट्या शत्रूपायीं दवडणें ही आमच्या मतें पाहुण्याची वागणूक नव्हे. मोबाइल पुन्हां खिशांत गेला.

पुढें एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशीं राखी धनेश येरझाऱ्या घालतांना दिसला. या पक्ष्याचा गृहस्थाश्रम आमच्या वाचक-भगिनींनीं ऐकण्यासारखा आहे. अंडीं घालण्याच्या वेळीं मादी ढोलींत शिरून विष्ठा वगैरेंनीं दार लिंपून घेते आणि चोंच जाईल एवढीच फट ठेविते. तेथपासून पिलें थोडीं मोठीं होईपर्यंत ती आंतच. त्या काळांत तिची जुनीं पिसेंही झडून नवीं येतात. नर बाहेरून वड-उंबराचीं फळें आणून त्या फटींतून भरवितो. हें ऐकून सूनबाईंनीं "बाळंतपणाची अशी बडदास्त कोणत्या घरीं आहे?" असा प्रश्न आमच्याकडे पाहून केला, त्यास आम्हीं उत्तर दिलें नाहीं. नातीचा प्रश्न मात्र निराळा होता: "आणि तो आलाच नाहीं तर?" तोही प्रश्न सोपा नव्हता. बाहेरचा नर मारला गेला तर आंतल्या सर्वांचें जीवित टांगणीस लागतें. मुलीनें तें ऐकून घेतलें आणि ढोलीकडे पाठ फिरवून ती बराच वेळ गप्प चालली.

रानाचा भाग येथें आटोपतों, कारण आमचें मन गुंतलें तें नदीकांठीं. जिल्ह्याच्या सीमेवरून वाघ नदी वाहत येऊन वैनगंगेस मिळते. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. ज्येष्ठांत पात्रांत वाळूच फार, मधून पाण्याचे दोन-तीन पदर. पाण्यावर एका जागीं पंख फडफडवीत टांगल्यासारखा राहून धाडदिशीं सूर मारणारा कवड्या खंड्या, वाळूवर अंडीं उघडींच घालून वर आपल्यावरच ओरडणारी टिटवी, पिंवळ्या चोंचीचे नदीसुरय हीं सारीं मंडळी पाहून झालीं. मग वाटाड्यानें पैलतीराकडे हात केला. तेथें दोन उंच राखी आकृति पाण्यांत उभ्या होत्या.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगांत सर्वांत उंच. मान ताठ केली म्हणजे पुरुषभर भरतो. अंग राखी, डोकें व मानेचा वरचा भाग लालभडक, पाय तांबूस. आम्ही पाहत होतों तोंच दोघांनीं माना आकाशाकडे करून साद घातली. एकाची हांक संपण्यापूर्वीं दुसऱ्याची सुरू, अशी ती गुंफण असते, आणि कोसभर ऐकूं जाते. आदिकवीच्या शोकाचें निमित्त झालेला क्रौंच म्हणजे सारसच असें कांहीं अभ्यासक मानतात. ती साद ऐकल्यावर आम्हांसही तें मत पटावेंसें वाटलें. एक जोडीदार गेला कीं दुसरा प्राण सोडतो, हा लोकांतील समज मात्र शब्दशः खरा नव्हे. जोडी बहुधा जन्माची असते हें खरें. परंतु मागें राहिलेले कांहीं पक्षी नव्यानें संसार मांडतात असें आढळलें आहे. आम्हांस यांत त्यांची थोरवी उणी झालीसें वाटत नाहीं.

हा पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यतः याच कोंपऱ्यांत उरला आहे. दरवर्षीं जूनमध्यें गोंदियाची 'सेवा' ही संस्था, वनखात्याचे लोक आणि गांवोगांवचे स्वयंसेवक पहांटे ठिकठिकाणीं बसून त्यांची मोजणी करितात, आणि ती संख्या शंभराच्याही पुष्कळ आंत असते. २०२१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली. संकट एकच नाहीं. तलाव आटतात व बुजतात, शेतांत फवारलेलीं विषें पोटांत जातात, विजेच्या तारांस थडकून पक्षी मरतात. परंतु सर्वांत नाजूक गांठ आहे ती घरट्याची. सारस झाडावर घरटें करीत नाहीं. पावसाळा लागला कीं तो उथळ पाण्यांत गवत-काड्यांचा ढीग रचून त्यावर अंडीं घालतो, बहुधा दोन. आणि उथळ पाण्याची जागा म्हणजे पुष्कळदां कोणाची तरी धानाची बांधी.

म्हणून आम्ही श्रावणांत पुन्हां गेलों. रोवणी होऊन बांध्या हिरव्या झाल्या होत्या. ज्या घरीं आमची ओळख निघाली तें एकत्र कुटुंब होतें: वृद्ध आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि पांच-सहा मुलें. घरापासून दोन बांध्या सोडून सारसानें बिऱ्हाड थाटलें होतें आणि त्यावरून घरांत दोन पक्ष पडले होते. धाकट्या भावाचें म्हणणें असें कीं, मधोमध एवढा ढीग, त्यासाठीं उपटलेलें धान, भोंवतालची तुडवातुडव. निंदणीस बायका आंत जाऊं शकत नाहींत, आणि तुडतुडे पडले तर फवारणी कशी करावयाची? आमच्यासारख्या शहरांतल्या माणसास हें म्हणणें हिशेबी वाटेल. परंतु ज्यांचें वर्षाचें पोट पांच-सहा बांध्यांवर आहे त्यांनीं हिशेब करूं नये तर कोणीं करावा? थोरला भाऊ कांहींच बोलत नव्हता. आजीनें मात्र एका वाक्यांत निकाल दिला होता: "बाळंतिणीले कोनी हाकलते का जी?"

आतां आमची चूक. धुऱ्यावरून दुर्बिणींत मादीचें लाल डोकें धानांतून दिसत होतें. नराचा पत्ता नव्हता. तेवढ्यावर समाधान मानावयास हवें होतें. पण नातीस अंडीं पाहावयाचीं होतीं, आणि खरें बोलावयाचें तर आम्हांसही होतीं. आम्ही धुरा सोडून आडव्या बांधानें पुढें गेलों, घरट्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. पक्षी उडाला नाहीं. मान खालीं घालून चोरपावलांनीं धानांतून निघून गेला. उघड्या ढिगावर दोन फिकट मोठीं अंडीं दिसलीं. नातीनें श्वास रोखला. आणि त्याच क्षणीं आमच्या डोक्यावरून दोन कावळे गेले.

मागून हांक आली. घरटें हलवावें असें म्हणणारा तोच धाकटा भाऊ चिखल तुडवीत धांवत आला, आणि आमच्या वयाचा मुलाहिजा न ठेवितां त्यानें आम्हांस दंडास धरून मागें नेलें. स्वतः धुऱ्यावर उभा राहून ढेंकळें फेंकीत तो कावळे हाकीत राहिला. उन्हाचा ताव होता. मादी परत येऊन अंड्यांवर बसेपर्यंत वीस मिनिटें गेलीं. इतकीं लांब वीस मिनिटें आम्हीं क्वचित्‌ काढलीं असतील. घरीं परतल्यावर आजीनें चहा दिला, पण आमच्याशीं बोलली नाहीं. नातीस जवळ घेऊन तिलाच म्हणाली कीं, तुझ्या आईच्या खोलींत कोणी असें शिरलें असतें तर? पुतण्यास त्याच्या मोबाइलबद्दल आम्हीं जें सुनावलें होतें तें आम्हांस आठवलें, आणि त्यालाही आठवलें असावें. कारण तो मुद्दाम दुसरीकडे पाहत होता.

कांठावरून पाहणाऱ्याची हौस आणि बांधींत राबणाऱ्याचा सोसणेपणा यांत कोणाचें पारडें जड, हें त्या दिवशीं आम्हांस कोणीं विचारलें नाहीं, तें बरें झालें. पक्षिनिरीक्षणास जाऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घरट्यांच्या दिवसांत गेलांत तर दुर्बीण चांगली घ्या आणि पाय धुऱ्यावर ठेवा. मुलांना अंडीं पाहावयाचीं असतील तर तीं पुस्तकांत दाखवा. तलावांवर कमळपक्षी पाहण्यास विसरूं नका. पानांवरून चालणाऱ्या या पक्ष्यांत अंडीं उबविणें व पिलें संभाळणें हें काम बापाकडे असतें. आमच्या सूनबाईंनीं हें टिपण वहींत जाड अक्षरांत करून ठेविलें आहे. हिंवाळ्यांत गेल्यास परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांवर परदेशची बदकेंही भेटतील.

कार्तिकांत थोरल्या भावाचा निरोप आला. दोन अंड्यांपैकीं एकांतून पिलूं निघालें. दुसरें कशानें गेलें तें कळलें नाहीं. पिलूं आतां गुडघाभर उंच झालें आहे, अजून उडत नाहीं, आईबापांच्या मधोमध चालतें. धाकट्या भावानें धान कापतांना तो कोंपरा सर्वांत शेवटीं ठेविला, आणि नुकसान मोजलें तें चार पायल्यांचें भरलें. तें त्यानें घरांतील प्रत्येकास निरनिराळें सांगितलें म्हणे. आजीचा निरोप नातीस होता: पुढल्या सालीं ये, पण त्या म्हाताऱ्यास धुऱ्यावरच बसव.