मांडव लहान, घर मोठे

लग्न म्हटले की आमच्याकडे गावजेवण, बँडबाजा आणि पाठोपाठ सावकाराचे देणे! कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. ताईच्या लग्नाचे देणे आम्ही अजून फेडतो आहोत. म्हणून पन्नास माणसांत, उघड्यावर लग्न करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. मात्र त्यासाठी दूरच्या रिसॉर्टचे भाडे कशाला? १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस आणि ३ साक्षीदार लागतात. कचेरीपासून वाजवी अंतरावर, जादा फी भरून, आपल्या पसंतीच्या जागीही विवाह लावता येतो. आपल्याच शेतातला आंबा मांडव का होऊ नये?

लहान लग्नाची खरी गरज आहे ती पुनर्विवाहात. तिथे दोन माणसांबरोबर त्यांची मुलेही एका घरात येतात. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. तरी संसार उभा राहिलाच.

आज बहिष्कार नसेल, पण 'सावत्र' म्हणून कुजबुज आहेच. पाचशे पाहुण्यांत कोपऱ्यात रुसून बसलेले मूल कोणाला दिसत नाही. पन्नासांत दिसते, आणि कोणीतरी उठून त्याला जवळ घेते. मित्रहो, दोन घरे अशीच जुळतात. मांडवाच्या खांबांवर नव्हे, अशा उठणाऱ्या माणसांवर!